किती माणसांमागे एक बैठक?

या आठवड्यात जामखेडच्या आरोग्य प्रकल्पावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेवर ढकलतो, कारण चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलंय. नेपाळमधल्या मकवानपूरला बायकांच्या गावबैठकांनी नवजात मृत्यू घटले, ही मी मागे लिहिलेली हकिकत बाईंना पटलेली नाही. ‘आमचं गाव तीन हजार वस्तीचं. महिन्याला बायकांची बैठक होते, सह्या होतात, फोटो निघतो, चहा होतो. त्यानं बाळं वाचतात?’

असा खवचट प्रश्न मला फार आवडतो. नेपाळचे आकडे पुन्हा उगाळत नाही, सरळ झारखंडला जाऊ.

चक्रधरपूरच्या ‘एकजुट’ संस्थेनं 2005 ते 2008 या काळात झारखंडमधल्या पश्चिम सिंहभूम आणि सरायकेला-खरसावां, तर ओडिशातल्या केंदुझर जिल्ह्यात हाच प्रयोग केला. वस्ती बहुतांश आदिवासी, बाळंतपणं बहुतेक घरीच. बैठक चालवणारी बाई जवळपासचीच, ना नर्स ना दाई. ती भाषण द्यायची नाही. एखाद्या दगावलेल्या बाळाची गोष्ट सांगायची आणि विचारायची, का गेलं? ताप आला म्हणून. ताप का आला? नाळ चिघळली. का चिघळली? असं खोदत खोदत बायका स्वतःच ब्लेड, दोरा आणि न धुतलेल्या हातांपर्यंत पोचायच्या. मग पुढच्या बैठकांत उपाय ठरवायच्या आणि करून बघायच्या. वीस बैठकांचं एक आवर्तन.

तीन वर्षांत या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी निघाले. गंमत म्हणजे दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं वाढलंच नव्हतं. बदललं ते घरातलं: बाळंतपण करणारीचे धुतलेले हात, नाळेसाठी उकळलेला दोरा, बाळाला नुसतं आईचंच दूध. तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही निम्म्याहून खाली आलं. ते कुणी औषधानं केलं नव्हतं. मला तर नाळेच्या दोऱ्याइतकंच हे महत्त्वाचं वाटतं, पण त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता बाईंच्या बाजूचा पुरावा. 2010 साली ‘लॅन्सेट’च्या ज्या अंकात एकजुटचा निबंध आला, त्याच अंकात बांगलादेशचाही आला. तशाच बैठका, तशाच गोष्टी, पण फरक शून्य. बैठकांना नावं ठेवणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. मी मात्र दोन्ही निबंध शेजारी ठेवून एकच रकाना शोधला: किती माणसांमागे एक गट? एकजुटमध्ये 468. बांगलादेशात 1414. भात शिजायला चार लाकडं लागत असताना एकच लावून ‘चूल बिघडली’ म्हणण्यातला प्रकार. बांगलादेशी मंडळींनी तो ओळखला आणि त्याच भागांत गट दाट केले, 309 माणसांमागे एक. 2013 साली निकाल आला: नवजात मृत्यूंत 38 टक्के घट.

गट दाट केले की झालं, असंही नाही, आणि इथे मुंबईचा विषय निघतो. ‘स्नेहा’ संस्थेनं झोपडवस्त्यांत हीच पद्धत लावली. प्रत्येक वस्तीत बैठका चालवणारी एक सखी, तिच्याकडे दहा गट. म्हणजे गटांची वाण नव्हती. तरी मृत्यू घटले नाहीत, आणि 2012 मध्ये त्यांनी ते तसंच छापलं. माझ्या मते ते कौतुकाचं आहे, अपयश छापायला कुणाचा हात सहज उचलत नाही. तिथे त्या काळात गरोदर असलेल्या बायकांपैकी बैठकीला आलेल्या शंभरात दोन-तीनच. शिवाय बहुतेक बाळंतपणं दवाखान्यांत. नाळ कापणारा हात वस्तीतला नव्हताच, मग वस्तीतल्या बैठकीनं तो धुवायला कसा लावावा? एकजुटमध्ये मात्र गरोदर बायकांचं येणं पहिल्या वर्षी 18 टक्के होतं, ते तिसऱ्या वर्षी 55 वर गेलं.

बैठक चालवायला वेगळ्या संस्थेची माणसंच लागतात, हा समजही पुढे टिकला नाही. झारखंड-ओडिशातच सरकारी आरोग्ययंत्रणेतल्या आशाताईंनी बैठका चालवल्या, तेव्हाही नवजात मृत्यू 31 टक्क्यांनी घटले; तो निकाल 2016 मध्ये छापून आला. आशाताईंना या कामाचे पैसे किती मिळावेत, हे भांडण जुनं आहे. जामखेडनंतर त्यात पडू.

तर बाई, तुमच्या तीन हजारांच्या गावात एकच बैठक म्हणजे बांगलादेशच्या फसलेल्या प्रयोगाच्या निम्म्याहूनही विरळ. एकजुटच्या हिशेबानं सहा तरी हव्यात. साधारण हजार वस्तीला एक आशा धरली, तर तिच्या वाट्याला दोन. आणि पुढच्या बैठकीचा फोटो निघेल तेव्हा एवढंच मोजा, त्यात सासवा किती आणि सुना किती. माझा अंदाज आहे, पण तो मी इथे लिहीत नाही. तुम्ही कळवा.