तारखांचे रूपांतर : चूक कोठे होते व ती कशी शोधावी

देवी अहिल्याबाई होळकर यांचे निधन महेश्वर येथे १३ ऑगस्ट १७९५ रोजी झाले. महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे ती तिथी श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७ अशी येते. इंदूर येथे मात्र त्यांची पुण्यतिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाळली जाते. या दोन नोंदींत विरोध नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, तर माळव्यात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते; कृष्ण पक्षात माळव्यातील नाव एक महिना पुढे असते. हा भेद न जाणता माळव्यातील तिथी महाराष्ट्राच्या पंचांगात शोधली, तर येणारी इंग्रजी तारीख सुमारे एक महिना पुढची निघेल.

होळकर व पेशवे यांच्या मोडी कागदपत्रांत आढळणाऱ्या सुहूर सनाचीही अशीच गोष्ट आहे. हा सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. तेव्हा सुहूर सन ११६१ चालू होता. सरसकट ५९९ मिळविल्यास हे युद्ध १७६० साली झाले असे उत्तर येईल.

संगणकातील तारीख

आकड्यामागील संकेत विसरला की आकडा बरोबर असूनही अर्थ चुकतो. संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. व्यापारी व कार्यालयीन हिशेबासाठी ‘कोबॉल’ ही भाषा १९५९-६० मध्ये अमेरिकेत तयार झाली. वेतन, निवृत्तिवेतन, विमा व बँका यांच्या अनेक जुन्या आज्ञावली या भाषेत लिहिलेल्या असून त्यांतील काही आजही वापरात आहेत. त्या काळी संगणकाची स्मृती महाग असल्याने वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठविण्याची पद्धत पडली. त्यातून पुढील प्रकारच्या चुका उद्भवतात.

१. शतकाची चूक : १९४१ साली जन्मलेल्या शिक्षकाचे वर्ष ‘४१’ असे नोंदलेले आहे. २००० साल ‘००’ असे धरल्यास वजाबाकीचे उत्तर उणे ४१ येते. उत्तराच्या रकान्यात चिन्हासाठी सोय नसेल, तर उणे चिन्ह गळून ४१ एवढेच उरते. एकोणसाठ वर्षांचा शिक्षक एक्केचाळीस वर्षांचा ठरतो आणि उत्तर संभवनीय दिसत असल्याने कोणाला संशयही येत नाही.

२. रकाना अपुरा पडणे : २०२४०३१५ हा आठ अंकी आकडा सहा अंकी संख्यात्मक रकान्यात घातला, तर डावीकडील अंक गळून २४०३१५ उरतो. तोच आकडा अक्षर म्हणून घातला, तर उजवीकडील अंक गळून २०२४०३ उरतो. म्हणजे दिवसच नाहीसा होतो.

३. मांडणीची चूक : जुन्या कोबॉलमध्ये संगणकाकडून ‘डेट’ मागितल्यास वर्ष, महिना व दिवस असे सहा अंक मिळतात. ‘डे’ मागितल्यास वर्ष आणि वर्षातील कितवा दिवस, असे पाच अंक मिळतात. दोहोंची गल्लत झाल्यास तारीख निरर्थक होते.

४. आरंभदिनाची चूक : दोन तारखांमधील अंतर काढण्यासाठी तारखेचे दिवससंख्येत रूपांतर करतात. कोबॉलच्या प्रमाण पद्धतीत १ जानेवारी १६०१ हा पहिला दिवस होय. काही मोठ्या संगणकांवरील दुसऱ्या पद्धतीत १५ ऑक्टोबर १५८२ हा पहिला दिवस धरतात. दोहोंत ६,६५३ दिवसांचे अंतर आहे. उत्तर सुमारे सव्वाअठरा वर्षांनी चुकले, तर प्रथम हीच शंका घ्यावी.

तपासणीचा क्रम

प्रथम मूळ नोंद पाहावी व ती कोणत्या संकेताने लिहिली आहे हे ठरवावे. नंतर प्रत्येक टप्प्यावर आकडा किती अंकी आहे हे पडताळावे. रकाना रिकामा आहे काय, महिना १ ते १२ मध्ये आहे काय, हेही पाहावे. त्यानंतर ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा तारखा घालून पाहाव्यात : ३१ डिसेंबर १९९९, १ जानेवारी २०००, २९ फेब्रुवारी २०००. सन १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० मात्र होते. कारण शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष ठरते. शेवटी, रूपांतरित तारीख उलट फिरवून मूळ तारीख परत मिळते किंवा नाही ते पाहावे. हीच रीत जुन्या कागदांनाही लागू पडते. कागदावर तिथीसोबत वार दिला असल्यास तो उत्तम साक्षीदार असतो.

वरवर पाहता ही बाब तांत्रिक असली, तरी तिचा परिणाम माणसांवर होतो. वर्षाच्या एका अंकाने सेवानिवृत्ती पुढे-मागे होते आणि वारसाचा हक्क अडून राहतो. म्हणून अर्ज, दाखला किंवा नोंदवही लिहिताना वर्षाचे चारही अंक लिहावेत, महिना अक्षरी लिहावा आणि शक, संवत किंवा सन यांचा स्पष्ट उल्लेख करावा. दुरुस्ती करताना मूळ नोंद पुसू नये. तिच्याशेजारी नवी नोंद करून कारण लिहावे. पुढे शंका उद्भवल्यास खरे-खोटे ठरविण्यास मूळ नोंदच उपयोगी पडते.