नऊ बुधवार आणि आशीर्वादाचा हिशेब

परीक्षा, व्हिसा, मूलबाळ, कोर्टकचेरी, यातलं काहीही अडलं की पनवेलजवळच्या आमच्या नावड्यातही कुणीतरी हमखास सुचवतं, ‘माहीमला नऊ बुधवार कर.’ मग पनवेलला जाऊन हार्बर लोकल, वडाळ्याला गाडी बदलणं आणि सेंट मायकल चर्चची रांग. तिथली बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, 1948 च्या सप्टेंबरपासून चालू आहे. रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात. त्यांच्यासोबत काही समजुतीही येतात.

गैरसमज : नऊ बुधवार पुरे झाले की काम होणारच, एक चुकला तर पहिल्यापासून सुरुवात.

वस्तुस्थिती : येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत शिष्यांनी नऊ दिवस जी प्रार्थना केली, तिच्यावरून नऊ हा आकडा आला. त्यात हमी कुठेच नाही. चर्चबाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखणं, तो ते विकत घेऊन वाहतो. ती विनंती असते किंवा आभार; देवाला दिलेला ॲडव्हान्स नव्हे. मनात काही नसताना नुसत्या बाह्य कृतीने फळ मिळतं असं मानणं, याला कॅथलिक धर्मशिक्षण चक्क अंधश्रद्धा म्हणतं. नवस फेडायची सवय हाडीमाशी मुरलेल्या आपल्या लोकांना हे पचायला जड जातं. त्यात ख्रिस्तीही आले.

गैरसमज : मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाटतात तो प्रसाद, सगळ्यांनी घ्यावा.

वस्तुस्थिती : नाही. ती पातळ पांढरी चकती कॅथलिकांसाठी ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि ती त्यांच्यासाठीच असते. बाकीच्यांनी जागेवर बसून राहिलं तर कुणाचा अपमान होत नाही. आशीर्वादाचं मात्र तसं नाही. फादर तो अख्रिस्ती माणसालाही देऊ शकतात. चर्चच्या कायद्यातच तशी सोय आहे. डोक्यावर हात ठेवून घेतला म्हणून कुणी ख्रिस्ती होत नाही, त्यासाठी बाप्तिस्मा लागतो.

गैरसमज : श्रद्धा पक्की असेल तर आजार जातो, पैसा येतो, नाही आला तर श्रद्धाच कमी पडली.

वस्तुस्थिती : यातला दुसरा अर्धा भाग मला सगळ्यांत क्रूर वाटतो. आधीच खचलेल्या माणसावर तो वर दोषही ठेवतो. बायबलमध्ये त्याला आधार नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू धन्य म्हणतो तो शोक करणाऱ्यांना आणि नीतीसाठी छळ सोसणाऱ्यांना. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ जावा म्हणून तीनदा विनवणी केली, तरी तो गेला नाही. आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. केडगावचं मुक्ती मिशन त्यांनी प्रार्थनेच्या भरवशावर चालवलं, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. पण त्यांना ऐकू येईनासं झालं, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. पुढच्या वर्षी रमाबाई वारल्या. श्रद्धा कमी पडली म्हणून हे झालं, असं त्यांच्याबद्दल म्हणायची कुणाची छाती आहे?

गैरसमज : प्रार्थना करायची तर औषध थांबवायचं.

वस्तुस्थिती : मिरजेला 1894 मध्ये दवाखाना सुरू करणारे विल्यम वॉन्लेस मिशनरी होते आणि शल्यविशारदही. त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे हजारो दावे आले. तिथे डॉक्टर आधी कागदपत्रं तपासतात, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दावे सत्तरच्या आसपासच आहेत.

तेव्हा माहीमला जरूर जा, पण गोळ्या घेऊन. आणि कुणी ‘आशीर्वाद’ देऊन इन्सुलिन बंद करायला सांगत असेल, चमत्काराचे पैसे मागत असेल, तर सरळ पोलीस ठाणं गाठा. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याने चर्चमधल्या साध्या प्रार्थनेला मात्र हात लावलेला नाही.