काष्ठठशाची भाषा

कोऱ्या कागदावर चित्र काढणारा चित्रकार प्रकाशापासून सुरुवात करतो आणि त्यात हळूहळू अंधार भरीत जातो. काष्ठठसा कोरणाऱ्याचा क्रम याच्या नेमका उलट असतो. सपाट फळीवर शाईचा रूळ फिरवून ती तशीच छापली, तर कागदावर निव्वळ काळा चौकोन उमटेल. जेथून पटाशीने लाकडाची ढलपी निघते तेथे शाई लागत नाही, आणि छापल्यावर तेवढाच भाग पांढरा राहतो. एकदा निघालेली ढलपी पुन्हा जागेवर बसविता येत नाही, हे कोरणाऱ्याच्या मनात सदैव असावे लागते. शिवाय छापताना उजव्याचे डावे होते, ते निराळेच.

लाकूडही मुकाट्याने आज्ञा पाळीत नाही. खोडाच्या उभ्या फळीवर तंतूंच्या कलाने पटाशी सहज जाते. आडवी फिरविली की लाकूड अडते, कपचा उडतो. म्हणून या ठशातील रेषा जाड, कोनदार, काहीशी कठोर होते. खोडाच्या आडव्या छेदावर मात्र केसासारख्या बारीक रेषा कोरता येतात. हरेन दास (१९२१–१९९३) यांनी बंगालच्या ग्रामजीवनाची जी नाजूक चित्रे कोरली, त्यांत ही दुसरी रीत दिसते. ती पाहताना लाकडाचा विसर पडतो. पहिल्या रीतीत तो कधीच पडत नाही, आणि तिचे बळ, माझ्या मते, याच विरोधात आहे.

जर्मन चित्रकर्ती केटे कोल्वित्झ हिला हे बळ उशिरा गवसले. १९१९ च्या जानेवारीत क्रांतिकारक नेता कार्ल लीबक्नेख्ट याची हत्या झाली. शोक करणाऱ्या कामगारांचे चित्र तिने आधी अम्लरेखनात, मग शिलामुद्रणात करून पाहिले, पण तिचे समाधान होईना. १९२० मध्ये एर्न्स्ट बारलाख याचे काष्ठठसे पाहिल्यावर तिने तेच चित्र लाकडात कोरले. मग ‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका झाली. तिचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये रणांगणावर पडला होता. तरी या मालिकेत रणांगण कोठेच नाही. आहेत ते आईबाप, विधवा आणि मुलांना कवेत घेऊन उभ्या राहिलेल्या आया.

कोल्वित्झच्या चित्रांचा ठसा ज्या भारतीय कलावंतांवर उमटला, त्यांत सोमनाथ होर (१९२१–२००६) हे एक. १९४६ मध्ये बंगालच्या बटाईदार शेतकऱ्यांनी पिकाचा अर्ध्याऐवजी दोनतृतीयांश वाटा मागितला. हीच तेभागा चळवळ. त्या वर्षाअखेरीस कम्युनिस्ट पक्षाने तरुण होर यांना रंगपूर जिल्ह्यात पाठविले (हा जिल्हा आता बांगलादेशात आहे). तेथे ते शेतकऱ्यांबरोबर हिंडले, रोजनिशी लिहिली, रेखाटने केली. पुढील वर्षांत त्या रेखाटनांवरून त्यांनी काष्ठठसे कोरले. त्यांतील रात्रीच्या बैठकींचे ठसे पाहावेत. काळ्या फळीतून जेवढे चेहरे आणि हात कोरून निघाले तेवढेच उजळलेले आहेत. बाकी रात्र चित्रकाराने काढलेली नाही, ती लाकडात आधीपासूनच होती. गुप्तपणे जमलेल्या माणसांचे चित्र याहून नेमक्या माध्यमात कसे झाले असते, हे सांगणे कठीण आहे.

होर पुढे दिल्लीत आणि नंतर शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण शिकवू लागले. १९७१ च्या सुमारास त्यांनी ‘जखमा’ या मालिकेला प्रारंभ केला. तीत फळी नाही, शाईही नाही. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर सुरीने वार करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबायचा, अशी ती रीत. लगदा वाळला की पांढऱ्या कागदावर पांढरेच व्रण उठतात. ते दिसण्यासाठी कागद थोडा तिरपा करून उजेडात धरावा लागतो.