बंधाऱ्याच्या पोटातला महाल

बेंबळी गावाच्या पंचक्रोशीत पाऊस मनासारखा झाला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘नर-मादी चालू झाले का हो?’ विचारपूस असते दक्षिणेकडच्या नळदुर्ग किल्ल्याची. बोरी नदी तुडुंब भरली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात. एक नर, दुसरा मादी. मग मोटारसायकली, जीपगाड्या, सहलीच्या बसेस, सगळ्यांची तोंडं तिकडे.

किल्ल्याचा इतिहास जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. नळ-दमयंतीची दंतकथा, मग चालुक्य, बहमनी, आदिलशाही, मोगल, निजाम. १८५३ नंतर काही वर्षं मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथं राहून कारभार पाहत होता. उपळी बुरुजावरच्या लांबलचक तोफा पाहून लोक खाली उतरतात आणि खरे रेंगाळतात ते बंधाऱ्यातल्या पाणीमहालात.

उन्हाळ्यासाठी पाण्याजवळ महाल, ही राजेरजवाड्यांची जुनी हौस. विजापूरच्या आदिलशहांनी कुमटगीला तळ्याकाठी कारंज्यांचे मंडप उभारले. तिथल्या भिंतींवर घोड्यांवरून चौगान म्हणजे पोलो खेळणारे स्वार रंगवलेले आहेत. नळदुर्गात मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात ही हौस थेट धरणाच्या भिंतीतच शिरली. हा राजा गाण्याबजावण्याचा मोठा दर्दी, ‘किताब-ए-नौरस’चा कर्ता.

बांधणारा होता मीर इमादीन. साल १६१३. फारसी शिलालेखामुळे त्याचं नाव टिकलं, हे आपलं भाग्यच, कारण दख्खनमधल्या किती वास्तूंचे कारागीर असे नावानिशी ठाऊक आहेत? मुख्य किल्ला आणि पलीकडची रणमंडळची टेकडी यांच्यामध्ये त्यानं सुमारे १९ मीटर उंचीचा दगडी बंधारा घातला. पाण्याचा रेटा सोसायला भिंत जाड हवीच होती. त्या जाडीतच त्यानं दालनं काढली. गडाला पाणी मिळालं, रणमंडळला जायला वाट मिळाली आणि राजाला बसायला महाल.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून अंधारा जिना खाली उतरतो. भिंतीवर हात टेकवला की घडीव काळा दगड गार लागतो. चार पायऱ्या उतरल्यावर डोळे सरावतात, समोर कमानीची खिडकी येते आणि तिच्यातून नदीचं खोल पात्र दिसतं. पाठीशी अडवलेलं पाणी, दोन्ही अंगांना कोसळतं पाणी, आणि मधे बसणारा माणूस कोरडा! चारशे वर्षांनंतरही ही करामत पाहून थक्क व्हायला होतं.

दुःख एवढंच की गर्दी येते ती धबधब्यापुढे फोटो काढायला. खिडकीच्या महिरपीवर कोळशानं आणि खिळ्यानं नावं लिहिणाऱ्यांना मीर इमादीनचं नाव माहीत नसतं. किल्ल्याची बरीच डागडुजी झाली, बागा फुलल्या, ते चांगलंच झालं. पण महाल नीट पाहायचा तर पावसाळा ओसरल्यावर जावं. गर्दी नसते, सांडवे कोरडे असतात, दगडांचे सांधे बारकाईनं पाहता येतात. बेंबळीच्या शाळांनी सहल काढायची तर डिसेंबरात काढावी आणि महालाची करामत समजवायला गणिताच्या गुरुजींनाही बरोबर न्यावं.