जुन्या भुयारी संगणक-खेळांची लोकनिर्मित दुरुस्ती : तंत्र, कायदा आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांचा सर्वांत जुना प्रकार म्हणजे भुयारी खेळ. काही पात्रांची तुकडी घेऊन अंधाऱ्या भुयारात उतरावे, शत्रूशी लढावे, वाटा शोधाव्यात आणि जिवंत परत यावे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थी अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांनी लिहिलेला व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'विझर्ड्री' हा त्याचा नमुना होय. त्यातील भुयाराला १० मजले होते आणि प्रत्येक मजला २० × २० चौकटींचा होता. या ४,००० चौकटींचा नकाशा खेळणाऱ्याने स्वतःच आलेख कागदावर काढावा, अशी अपेक्षा असे.

हे खेळ बनविणाऱ्या अनेक संस्था आज अस्तित्वात नाहीत. 'माइट अँड मॅजिक' मालिकेची प्रकाशक 'थ्रीडीओ' कंपनी २००३ मध्ये बंद पडली, तर 'द टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल' (२००३) हा खेळ बनविणारी 'ट्रॉइका' २००५ मध्ये. तरीही हे खेळ आजच्या संगणकावर चालतात. याचे बरेचसे श्रेय खेळणाऱ्यांनी स्वतः तयार केलेल्या दुरुस्त्यांना, म्हणजे 'पॅच'ना, आणि साहाय्यक साधनांना आहे. या दुरुस्त्या कशा घडतात, त्यांना कायद्यात कितपत आधार आहे आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी त्यांची दखल का घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुरुस्तीची गरज

छापील पुस्तक कपाटात पडून राहिले तरी वाचता येते. संगणक-प्रणालीचे तसे नाही. तिच्या खालचे यंत्र व कार्यप्रणाली बदलली की ती अक्षरशः जशीच्या तशी असूनही निकामी होते. 'टर्बो पास्कल'मधील 'रनटाइम एरर २००' हे याचे बोलके उदाहरण होय. या भाषेतील एक तयार घटक प्रणाली सुरू होताच यंत्राचा वेग मोजत असे. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती आवर्तने झाली हे मोजून त्या संख्येला ५५ ने भागले जाई. येणारा भागाकार १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ६५,५३५ च्या आत, मावेल असे गृहीत धरलेले होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रक्रियक इतके वेगवान झाले की भागाकार त्या जागेत मावेना आणि प्रणाली पहिल्याच पावलाला कोसळू लागली. चूक यंत्राची नव्हती आणि लिहिणाऱ्याला पुढचा काळ दिसणेही शक्य नव्हते. यंत्रभाषेतील मोजकेच बाइट बदलणाऱ्या छोट्या पॅचने हा दोष दूर झाला.

दुरुस्तीचे प्रकार व तंत्र

लोकनिर्मित साधनांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार संपादकांचा. खेळ साठवून ठेवलेल्या फाईलची रचना ओळखून ते तिच्यात बदल करतात. रचना ओळखण्याची रीत प्रयोगशाळेतील निरीक्षणासारखी असते. पात्राजवळ ३०० नाणी असताना खेळ साठवावा, एक नाणे खर्च करून पुन्हा साठवावा आणि दोन्ही फाईलींची बाइटागणिक तुलना करावी. ३०० ही संख्या १ × २५६ + ४४ अशी असल्याने त्या काळच्या वैयक्तिक संगणकांच्या रीतीप्रमाणे ती ४४ व १ अशा दोन बाइटांत सापडते. दुसऱ्या फाईलीत ४४ च्या जागी ४३ दिसतो. एका वेळी एकच घटक बदलणे हे तत्त्व येथेही तेच आहे. 'विझर्ड्री'च्या सहाव्या ते आठव्या भागांसाठीचा 'कॉस्मिक फोर्ज' हा संपादक या प्रकारात मोडतो.

दुसरा प्रकार सोबतीच्या साधनांचा. मूळ खेळाला हात न लावता, तो चालू असताना स्मृतीतील माहिती वाचून ती निराळ्या चौकटीत दाखविणे हे त्यांचे काम. 'पूल ऑफ रेडियन्स' (१९८८) व त्यानंतरच्या खेळांसाठीचे 'गोल्ड बॉक्स कंपॅनियन' आणि 'आय ऑफ द बिहोल्डर' (१९९१) साठीचे 'ऑल-सीइंग आय' ही साधने तुकडी पुढे सरकेल तसा नकाशा आपोआप काढतात. आलेख कागदाचे काम त्यांनी घेतले आहे.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष पॅचचा. मूळ संज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, उपलब्ध नसताना यंत्रभाषेतील फाईल उकलून तिच्यातील सूचना बदलल्या जातात. यालाच उलट अभियांत्रिकी म्हणतात. 'माइट अँड मॅजिक'च्या सहाव्या, सातव्या व आठव्या भागांसाठीचा 'ग्रेफेस' पॅच आणि 'टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल'साठीचे 'सर्कल ऑफ एट' या गटाचे काम ही याची परिचित उदाहरणे होत.

चौथा प्रकार पुनर्बांधणीचा. त्यात खेळाचे इंजिन नव्याने लिहिले जाते. चित्रे, नकाशे, संवाद मात्र मूळ फाईलींतून घेतले जातात. 'डॅगरफॉल' (१९९६) हा खेळ त्याच्या निर्मात्यांनी २००९ मध्ये विनामूल्य केला. 'डॅगरफॉल युनिटी' ही त्याची स्वयंसेवकांनी केलेली पुनर्बांधणी आहे.

'नेटहॅक'ची (१९८७) स्थिती याहून वेगळी आहे. त्याची संज्ञावली आरंभापासून खुली आहे. २००३ ची ३.४.३ ही आवृत्ती आणि २०१५ ची ३.६.० ही आवृत्ती यांत १२ वर्षांचे अंतर पडले. त्या काळात खेळणाऱ्यांनी पॅच व उपआवृत्त्या काढून खेळ वाढता ठेवला आणि त्यांपैकी काही बदल नंतर मूळ प्रवाहात सामावले गेले. संज्ञावली खुली असली की दुरुस्तीसाठी उलट अभियांत्रिकीची कसरत करावी लागत नाही, हे यावरून ध्यानी येते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेशी नाते

हा विषय अध्यापकांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत सी व सी++ चे पहिले धडे 'टर्बो सी++'च्या निळ्या पडद्यावर दिले गेले. ही १६ बिटांची डॉस प्रणाली ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. तेव्हा प्रात्यक्षिके अडू नयेत म्हणून ती 'डॉसबॉक्स'च्या आवरणात बसवून वापरली जाऊ लागली. 'डॉसबॉक्स' (२००२) हे एम्युलेटर मुळात जुने खेळ चालविण्यासाठी निर्माण झाले होते. संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकावर ते पोचले, ते या प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने. जुनी साधने सोडून नव्या मानकांचे संकलक शिकवावेत की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु खेळासाठी केलेले काम शिक्षणाच्या उपयोगी पडले, हे नाकारता येत नाही.

कायद्याची चौकट

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) येथे महत्त्वाचे आहे. १९९९ च्या दुरुस्तीने त्यात तीन उपखंड आले. (कख) अन्वये कायदेशीर धारकाला, आवश्यक माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल तर, स्वतंत्रपणे रचलेल्या प्रणालीचे दुसऱ्या प्रणालीशी सहकार्य साधण्यासाठी ती मिळविता येते. त्यापुढील उपखंडांन्वये प्रणालीमागील तत्त्वे जाणण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करता येते, तसेच स्वतः कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, अव्यापारी उपयोगासाठी प्रत किंवा रूपांतर करता येते. म्हणजे स्वतःच्या प्रतीची दुरुस्ती करणाऱ्याला आधार आहे. दुरुस्त केलेला संपूर्ण खेळ इतरांना वाटणाऱ्याला या तरतुदींचा आधार मिळत नाही. म्हणूनच जबाबदार पॅचकर्ते केवळ बदललेला भाग वितरित करतात आणि मूळ प्रत वापरणाऱ्यानेच मिळवावी, असे सांगतात.

पाठचिकित्सेशी साम्य

दुरुस्ती कोठे थांबवावी, हा प्रश्न तंत्राचा नसून विवेकाचा आहे. एखाद्या शस्त्राचे सामर्थ्य चुकीचे नोंदले गेले असेल, तर ती लेखनिकाची चूक की कर्त्याचा हेतू? मराठी अभ्यासकाला हा प्रश्न हस्तलिखितांच्या संदर्भात चांगला परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकारलेल्या पाठाबरोबर इतर पाठभेदही तळटीपांत नोंदविले. चांगल्या पॅचसोबतची बदलांची यादी हेच कार्य करते. कोणता बदल दोषनिवारण आहे आणि कोणता आवडीनिवडीचा, हे तीत वेगळे सांगितलेले असते व नको तो बदल वगळण्याची सोयही असते. जेथे अशी नोंद नसते, तेथे काही वर्षांनी मूळ कोणते व प्रक्षिप्त कोणते, हे कळेनासे होते. २०२४ मध्ये आलेल्या 'विझर्ड्री'च्या नव्या आवृत्तीत मूळ ॲपल-२ वरील खेळाचा पडदाही सोबत पाहता येतो, ही सोय याच दृष्टीची आहे.

मर्यादा

हे काम बहुधा एक-दोन व्यक्तींच्या फावल्या वेळावर अवलंबून असते. त्या व्यक्ती निवृत्त झाल्या की साधनही मागे पडते आणि त्याची संज्ञावली प्रसिद्ध नसेल, तर दुरुस्तीच्याच दुरुस्तीची वेळ येते. अनेक कर्ते टोपणनावाने लिहीत असल्याने श्रेय आणि उत्तरदायित्व दोन्ही अस्पष्ट राहतात. अनोळखी स्रोतावरून घेतलेली यंत्रभाषेतील फाईल सुरक्षित असेलच, अशी खात्रीही देता येत नाही.

निष्कर्ष

भुयारी खेळांच्या दुरुस्तीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मूळ प्रत, बदलांची नोंद आणि खुली संज्ञावली या तिन्हींचे जतन झाले, तरच संगणकीय कृती टिकते. हे जतन आजवर संस्थांपेक्षा वापरणाऱ्यांनी अधिक केले आहे. आणि ही अडचण केवळ खेळांची नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेले मराठी प्रबंध, अहवाल व अंकांच्या फाईली नव्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. त्या वाचण्यासाठीही जुन्या संकेतावलीचा तक्ता जपून ठेवणारा आणि रूपांतरक लिहिणारा कोणीतरी लागतोच. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्याकडील अशा फाईली मूळ स्वरूपात, त्यांच्या फाँटांसह, जपून ठेवाव्यात. त्यांचे रूपांतरक लिहिण्याचे काम संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. फाँटाची फाईल हरवल्यानंतर हेच काम कितीतरी पट अवघड होते.