घुर्यांनी गाईड बदलला तेव्हा

गाईड बदलण्यासाठी एनओसीचा अर्ज कसा लिहायचा, हे आज सांगायचं ठरलं होतं. पण गेल्या भागानंतर एका संशोधक ताईंचं पत्र आलं आणि तो विषय मागे ठेवला. त्यांचे सर लवकरच निवृत्त होताहेत. विभागातल्या दुसऱ्या मॅडमचं काम त्यांच्या विषयाला अधिक जवळचं आहे. पण ‘आता गाईड बदलला तर लोक कृतघ्न म्हणतील’ ही धास्ती काही जात नाही.

अशा वेळी मला गोविंद सदाशिव घुर्ये आठवतात. 1893 साली मालवणात जन्मलेले, मुळात संस्कृतचे विद्यार्थी. पॅट्रिक गेडिस यांना त्यांचा मुंबई शहरावरचा निबंध आवडला आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर 1920 साली घुर्ये समाजशास्त्र शिकायला विलायतेला गेले. लंडनमध्ये त्यांना मार्गदर्शक मिळाले हॉबहाउस. नाव मोठं, पण घुर्ये तिथे रमले नाहीत. पुढे त्यांची गाठ केंब्रिजच्या हॅडन यांच्याशी पडली आणि हॅडननी त्यांना रिव्हर्स यांच्याकडे नेलं.

रिव्हर्स मूळचे डॉक्टर. हॅडन यांच्यासोबत 1898 च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर गेले आणि तिथे वंशावळी टिपता टिपता नातेसंबंधांच्या अभ्यासाची एक पद्धतच त्यांनी उभी केली. नंतर निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. जात आणि नातेसंबंध यांवर काम करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला याहून योग्य माणूस कोण मिळणार! लंडन सोडायचा निर्णय मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. आडनावाच्या वजनापेक्षा त्या माणसाचा अभ्यास आपल्या प्रश्नाला किती भिडतो, हे घुर्यांनी पाहिलं.

आणि मग 4 जून 1922 रोजी रिव्हर्स अचानक वारले. प्रबंध अर्धवट. पण हॅडन होतेच. त्यांनी काम हाती घेतलं आणि 1923 मध्ये घुर्ये डॉक्टरेट घेऊन परतले. हॅडन आणि रिव्हर्स जुने सहकारी होते, त्यामुळे कामाचा धागा तुटला नसावा असं मला वाटतं. म्हणून नव्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगतो, गाईडखेरीज विभागातल्या आणखी एका अध्यापकाला तरी आपला विषय नीट ठाऊक असू द्या.

पुढे घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांच्या बाबतीतही असंच घडलं. मुंबईत घुर्यांकडे डॉक्टरेट करून ते ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे गेले. रॅडक्लिफ-ब्राउन 1946 मध्ये निवृत्त झाले, तेव्हा इव्हान्स-प्रिचर्ड यांनी श्रीनिवासांना पुढे नेलं. कोडगूची सामग्री मुंबईच्या प्रबंधातलीच, पण मांडणी नवी. कोडगू समाजाच्या धर्मजीवनावरचं त्यांचं 1952 चं पुस्तक त्यातूनच आलं. गाईड बदलला की केलेलं काम वाया जातं, या समजुतीला एवढं उत्तर पुरे.

ताई, आता तुमच्याबद्दल. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पण आधीपासून नोंदणी असलेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात आणि त्यानंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहू शकतात. म्हणजे सर आणि मॅडम यांतून एकालाच निवडायची सक्ती तुमच्यावर नाही. मात्र मॅडमकडची जागा आधी विचारून घ्या. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात.

पण हे सगळं सल्लागार समितीच्या बैठकीत पहिल्यांदा सरांच्या कानावर पडता कामा नये. आधी त्यांच्याकडे जा, पत्रात मला लिहिलंत तसंच त्यांना सांगा, आणि सहमार्गदर्शक म्हणून राहाल का, हे तेव्हाच विचारा. त्यांचं उत्तर मला कळवा, पुढच्या आठवड्यात अर्जाचा मजकूर त्याला धरूनच करू.