तलावाच्या तळाशी चालणारे सफाईयंत्र

जलतरण तलावात पडणारा कचरा दोन प्रकारचा असतो. एक पाण्यावर तरंगतो व तो जाळीने सहज काढता येतो. दुसरा, म्हणजे माती, वाळू, कुजलेली पाने व शेवाळ, तळाशी बसतो किंवा भिंतींना चिकटतो. हा कचरा काढण्यासाठी लांब दांड्याचा ब्रश व शोषक नळी घेऊन माणसाला काठावर तासन्‌तास राबावे लागे. ते काम आता रोबोट, म्हणजे स्वयंचलित सफाईयंत्र, करू शकते. त्याचा पंप, गाळणी व चाके चालविणारी मोटर ही सर्व त्याच्याच पोटात असतात; तलावाच्या पंपावर ते अवलंबून नसते.

यंत्राच्या तळाकडील फटीतून पंप पाणी व कचरा आत ओढतो. कचरा गाळणीत अडकतो आणि गाळलेले पाणी वरच्या बाजूने जोराने बाहेर फेकले जाते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार, पाणी एका दिशेला फेकले गेले की यंत्र विरुद्ध दिशेला, म्हणजे पृष्ठभागाकडे, दाबले जाते. या दाबाच्या साहाय्याने अनेक यंत्रे उभी भिंतही चढतात. गाळणी तुंबली की झोत मंदावतो व दाब घटतो. म्हणून नेहमी भिंत चढणारे यंत्र चढेनासे झाले, तर प्रथम गाळणी तपासावी.

यंत्र वापरताना विजेविषयीची दक्षता सर्वांत महत्त्वाची होय. काही यंत्रे बॅटरीवर चालतात. येथे विचार केला आहे तो तारेने जोडलेल्या यंत्रांचा. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असते. काठावर ठेवावयाची पेटी ती सामान्यतः २४ ते ३० व्होल्टपर्यंत उतरवून यंत्राकडे पाठविते. ही पेटी पाण्यापासून निदान साडेतीन मीटर दूर, सावलीत व कोरड्या जागी ठेवावी. वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच जोडणीत असलाच पाहिजे. यंत्र पाण्यात असताना कोणीही तलावात उतरू नये.

यंत्र प्रथम पाण्यात बुडवून हलके कलते करावे. आतील हवेचे बुडबुडे थांबले व ते तळाशी बसले, म्हणजे वीज सुरू करावी. पाण्याबाहेर ते क्षणभरही चालवू नये. त्याची मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते. काम संपल्यावर वीज बंद करून यंत्र तारेने हळूहळू पृष्ठभागापर्यंत आणावे, परंतु बाहेर उचलताना मूठच धरावी. यंत्राचा व आतील पाण्याचा भार तारेवर पडला तर तिचे सांधे ढिले होतात.

प्रत्येक वेळी गाळणी काढून साध्या पाण्याने धुवावी. पंपाच्या पंख्यात केस किंवा दोरे गुंतले आहेत काय, हे वीज तोडल्यानंतरच पाहावे. झिजलेले ब्रश बदलावेत. तारेला पीळ पडला असेल, तर ती उन्हात सरळ पसरून ठेवावी. यंत्र पाण्यातच सोडून देऊ नये, कारण क्लोरीनयुक्त पाण्यात सतत राहिल्याने रबर व प्लॅस्टिकचे भाग लवकर खराब होतात. पाण्यात क्लोरीनची मोठी मात्रा टाकली असेल, तर ती उतरेपर्यंत यंत्र वापरू नये. मोटरची बंदिस्त पेटी मात्र घरी कधीही उघडू नये.

तथापि, निर्मळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. या यंत्रांच्या गाळणीची छिद्रे सामान्यतः काही दशक मायक्रॉनांची असतात, तर बहुतेक जीवाणू एक-दोन मायक्रॉनांचेच असतात. ते गाळणीतून सहज पार होतात. त्यांचा नाश क्लोरीन करते. त्यासाठी दर लिटर पाण्यात १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि ७.२ ते ७.८ इतका पीएच राखावा लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसार घडविणारा परजीवी तर अशा पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ तग धरू शकतो. म्हणून अतिसार झालेल्या व्यक्तीने तलावात उतरू नये.

सारांश, यंत्र केवळ गाळ काढते. पाणी पोहण्यास योग्य आहे की नाही, याचा निर्णय परीक्षणानेच करावा लागतो. तळ कितीही स्वच्छ दिसत असला, तरी मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी क्लोरीन व पीएच यांची तपासणी प्रतिदिनी करावी.